हिरवे, पण गवत नव्हे

घरच्या बागेत कृत्रिम गवत बसवण्याच्या जाहिरातींचा सूर ठरलेला असतो: पाणी वाचते आणि पर्यावरणही राखले जाते. यातला पहिला दावा बव्हंशी खरा आहे. दुसरा तपासायला हवा.

हे गवत बसवताना वरची माती खरवडून काढतात, खडीचा थर ठोकून बसवतात, त्यावर कापड अंथरतात आणि मग पॉलिएथिलीनच्या तंतूंची चटई खिळवतात. म्हणजे गांडुळे, कीटक, मुळे यांचा संसार आधी मोडतो.

खऱ्या गवताला दिलेले पाणी नुसते खर्च होत नाही. पानांतून १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. म्हणून दुपारीही हिरवळ पायांना थंड लागते. प्लास्टिकच्या पात्यांत बाष्पोच्छ्वास नाही. ती उन्हात तापतात, मग त्यांच्यावरच पाणी शिंपडावे लागते! झिजलेले तंतू मातीत मिसळतात ते वेगळेच.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या ‘ॲस्ट्रोडोम’ या छपराखालच्या मैदानात १९६६ साली कृत्रिम गवत आले, कारण पुरेशा उजेडाअभावी तिथले खरे गवत मेले होते. तिथली गरज समजते. उघड्या अंगणात ती कोणती? ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२२ मध्ये आपल्या प्रदर्शनांत कृत्रिम गवताला बंदी केली. पाणी कमी असेल, तर हिरवळीचाच हट्ट सोडून स्थानिक झुडपे आणि पालापाचोळ्याचे आच्छादन बरे.

विद्यार्थ्यांना हे नुसते सांगू नये. त्यांच्या हाती तापमापी द्यावी. दुपारी एकाच वेळी ओल्या हिरवळीवर आणि प्लास्टिकच्या हिरव्या चटईवर नोंदी घ्याव्यात, आणि मग जाहिरात पुन्हा वाचावी.