चार आलेख, एक पाऊस

आजचा विषय वरवर तांत्रिक आहे: सर्व्हरवरची माहिती एका पानावरच्या अनेक आलेखांत कशी भरायची? आपण तो कर्जत-खालापूरच्या पावसावर तपासून बघू.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ताच राहिले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. आलेख नीट असता तर माणसं वाचली असती, असा आमचा दावा नाही. पण जी वाडी यादीत नाही, तिच्यासाठी पावसाचा आकडा हाच मोठा इशारा असतो. तो खोटा दिसता कामा नये.

आता एक पान डोळ्यांसमोर आणा. चार आलेख: कर्जत, माथेरान, खालापूर, खोपोली. बोट ठेवलं की आकडा दिसतो, चिमटीने मोठं करता येतं. देखणं आहे. आमची हरकत आतल्या व्यवस्थेवर आहे.

पहिली हरकत: प्रत्येक आलेख सर्व्हरकडे स्वतंत्र मागणी करतो. डोंगरात रेंज कमी. कर्जतचं उत्तर चारपर्यंतचं येतं, खोपोलीचं तीनपर्यंतचंच. बघणाऱ्याला वाटतं, खोपोलीत पाऊस थांबला! म्हणून मागणी एकच करावी, उत्तर एकाच वेळेचं घ्यावं आणि मग ते चौघांत वाटावं. कुणी म्हणेल, एवढं मोठं उत्तर यायला उशीर लागेल. बरोबर आहे. मग आधी दिवसाच्या बेरजा पाठवा, तासातासाचे आकडे मागितल्यावर द्या.

दुसरी हरकत जास्त गंभीर. केंद्र बंद पडलं की सर्व्हर रिकामी जागा पाठवतो आणि घाईत लिहिलेला कोड तिथे शून्य भरतो. शून्य म्हणजे पाऊस नाही. रिकामं म्हणजे आपल्याला माहीत नाही. मुसळधार पावसात वीज जाते, संपर्क तुटतो, म्हणजे नेमक्या त्याच वेळी हा फरक पुसला जातो. चार्ट-जेएसच्या रेषालेखात रिकामी किंमत तशीच ठेवली, तर रेषा आपोआप तुटते. तुटलेली रेषा कुरूप दिसते, पण ती खरं बोलते.

तिसरी, दिवसाची. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे १९ च्या रात्रीचा पाऊस २० तारखेच्या आकड्यात जातो. त्यातच जावास्क्रिप्टला वर्ष-महिना-दिवस अशी नुसती तारीख दिली, तर ती ग्रीनिचची मध्यरात्र धरते, म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. एका आलेखात दिवस साडेआठचा, दुसऱ्यात मध्यरात्रीचा, तर शेजारी-शेजारी ठेवून तुलना कसली करणार?

शेवटची, उंचीची. प्रत्येक आलेख आपापली मोजपट्टी ठरवतो. मग ४० मिलिमीटर आणि २४० मिलिमीटरचे खांब सारख्याच उंचीचे दिसतात. हवामान खातं २०४.४ मिलिमीटरच्या वरच्या पावसाला अत्यंत जोरदार म्हणतं. ती आडवी रेघ चारही आलेखांत एकाच उंचीवर हवी.

सजावटीला आमचा विरोध नाही. पण असं पान आम्ही एका प्रश्नावर जोखतो: भर पावसात, कमी रेंजमध्ये, एखाद्या वाडीवरच्या पोरीने ते उघडलं, तर तिला कळेल का, की पाऊस कमी झालाय की फक्त माहिती यायची थांबलीय? हे कळत नसेल, तर चार आलेखांपेक्षा वेळ लिहिलेला एक साधा तक्ता बरा.