ओलाव्याची वंशखूण

गांडुळाच्या अंगावर डोळ्यांत भरण्यासारखे काही नाही असे आपल्याला वाटते, ते आपण त्याच्याकडे उभ्याउभ्या पाहतो म्हणून. जरा वाकून पाहावे. भारतातल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी ज्याचे विच्छेदन केले, त्या फेरेटिमाच्या तपकिरी देहावर वलयांमागून वलये एकाच शिस्तीत आलेली असतात; आणि तोंडाकडून मोजत गेले की चौदाव्या, पंधराव्या आणि सोळाव्या खंडावर ही शिस्त एकाएकी मोडते. वलयांच्या रेषा पुसल्या जातात आणि एक गुळगुळीत, वेगळ्या छटेचा पट्टा लागतो. विद्यार्थी त्याला क्लायटेलम म्हणतात, आकृतीत बाण काढतात आणि पुढच्या अवयवाकडे वळतात. आपण मात्र इथेच रेंगाळू, कारण या तीन खंडांत एका घराण्याची कुळकथाही आहे आणि कोरडेपणाशी त्याने केलेल्या व्यवहाराचा हिशेबही.

आधी अडचण समजून घेऊ. गांडुळाला फुप्फुसे नाहीत. ते श्वास घेते त्वचेने, आणि त्वचा ओली असेल तरच प्राणवायू तीतून आत शिरतो. कीटकांसारखे मेणचट, पाणी अडवणारे कवच त्याने चढवले तर ते गुदमरेल. डार्विनने 1881 साली गांडुळांवर जे पुस्तक लिहिले, त्यात पेरिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाची दोन निरीक्षणे शेजारीशेजारी ठेवली आहेत: खोलीतल्या कोरड्या हवेची एक रात्र गांडुळांचा जीव घेते, आणि पाण्यात पूर्ण बुडवलेली मोठी गांडुळे मात्र जवळजवळ चार महिने जगतात. जमिनीत राहणाऱ्या प्राण्याची ही पाण्याची ओढ किती बोलकी आहे! तरीही त्याची सोशिकता थोडी नाही. युरोपातले लुंब्रिकस टेरेस्ट्रिस शरीरातले सुमारे 70 टक्के पाणी गमावूनही तग धरू शकते, आणि काही जाती उन्हाळ्यात मातीत खोल उतरून, चिकट स्रावाने लिंपलेल्या इवल्याशा पोकळीत अंगाचा गोळा करून पावसाची वाट पाहतात.

हे झाले मोठ्यांचे. पण भ्रूणाचे काय? पट्ट्याचे खरे काम इथे सुरू होते. त्यातल्या ग्रंथी एक पातळ पडदा स्रवतात आणि तो पट्ट्याभोवती कड्यासारखा बसतो. त्याच्या आत पोषक द्रव भरतो. पट्ट्यावरच असलेल्या छिद्रातून अंडे त्यात उतरते. मग गांडूळ सावकाश मागे सरकू लागते, कडे पुढे पुढे जाते, वाटेत साठवणीच्या पिशव्यांतून जोडीदाराचे शुक्राणू त्यात मिसळतात, आणि डोक्यावरून कडे सुटताच त्याची दोन्ही टोके मिटतात. मोहरीच्या दाण्याएवढा एक कोश मातीत पडतो. फलन त्याच्या आत, वाढ त्याच्या आत; बाहेर येते ते थेट चिमुकले गांडूळ.

या कोशाची थोरवी कळायला त्याच्या समुद्रातल्या भावंडांकडे पाहावे. सामोआच्या किनाऱ्यावर पालोलो नावाचे वलयी कृमी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, चंद्र अर्ध्यावर उतरलेला असताना, देहाचे मागचे भाग पृष्ठभागावर पाठवतात आणि अंडी-शुक्राणू सरळ लाटांत सोडून देतात. समुद्रात ओल राखण्याची जबाबदारी आईबापांवर नसते. अंड्यातून निघते ती केसाळ पट्टीने भिरभिरणारी अळी, आणि गंमत अशी की तशीच अळी शिंपल्यांच्या नि गोगलगायींच्या कुळातही दिसते. वलयांच्या साम्यावरून प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएने गांडुळांना कीटकांच्या पंगतीला बसवले होते. 1990 नंतरच्या जनुकीय अभ्यासाने मात्र त्यांचे पान मृदुकाय प्राण्यांच्या शेजारी मांडले.

घरातली मांडणीही बदलली. पूर्वी पाठ्यपुस्तकांत समुद्री कृमी, गांडुळे आणि जळवा असे तीन सरळ वर्ग असत. आता दिसते ते असे की गांडुळे ही समुद्री कृमींच्याच पसाऱ्यातून फुटलेली एक फांदी आहे, आणि जळवा त्या फांदीवरचीच एक डहाळी. टॉर्स्टन स्ट्रक आणि सहकाऱ्यांनी 2011 साली मांडलेल्या वंशवृक्षात गांडुळांची जागा बिळांत, नळ्यांत बैठे आयुष्य काढणाऱ्या कृमींच्या शाखेत आहे. सह्याद्रीच्या पावसाळी वाटांवर पायाला चिकटणारी जळू आणि शेतातले निरुपद्रवी गांडूळ यांचे सख्य कशावरून ओळखावे? त्याच पट्ट्यावरून. जळवेच्या अंगावर तो विणीच्या काळापुरताच उमटतो. पण कोश तोच विणतो, आणि पाण्यात राहणारी औषधी जळूसुद्धा आपले कोश काठावरच्या ओलसर मातीत आणून ठेवते.

पाण्याची ही काटकसर फेरेटिमाच्या आतही मुरलेली आहे. लखनौचे कर्म नारायण बहल यांनी 1919 साली दाखवून दिले की याच्या उत्सर्जक नलिकांपैकी पुष्कळशा, लुंब्रिकसप्रमाणे अंगाबाहेर न उघडता, आतड्यात रिकाम्या होतात. टाकाऊ द्रवातले पाणी अशा रीतीने आतड्यात पुन्हा शोषून घेता येते.

कोरडेपणाला शरण जाऊन जिंकणारे जीवही आहेत. टार्डिग्रेड हा सूक्ष्म प्राणी जवळजवळ सारे पाणी सोडून जीवनक्रिया थांबवतो आणि थेंब मिळताच पुन्हा चालू लागतो. गांडुळांच्या कुळात ही तऱ्हा थोडीशी उतरलेली दिसते ती कोशातच. उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या डेंड्रोबीना ऑक्टेड्राच्या कोशाभोवतीची माती गोठली की बर्फ कोशातले पाणी वाफेच्या वाटेने ओढून घेतो, आणि आटत गेलेल्या भ्रूणात गोठण्यापुरते पाणी उरत नाही. ओल सांभाळायला निर्माण झालेला कोश इथे ओल सोडून देऊन जीव वाचवतो.

आपण सस्तन प्राणी आपले कूळ सांगतो ते पिल्लांना पाजणाऱ्या अवयवावरून. गांडुळे आणि जळवा यांची ओळखही अशाच एका अवयवावर, पिल्लांसाठी चार थेंब ओलावा बांधून देणाऱ्या पट्ट्यावर, ठरली आहे. आणि वंशावळीचा एवढा कोरडा विषय अशा वात्सल्याच्या खुणेवर येऊन टेकावा, यातच या तीन खंडांच्या वाचनाचा खरा आनंद आहे.