खेळातली रात्र आणि भोकरची दुपार

आपल्या पंचांगात 24 मिनिटांची एक घटिका आणि दोन घटिकांचा एक मुहूर्त. 2001 साली रॉकस्टार कंपनीने 'ग्रँड थेफ्ट ऑटो 3' आणला, तेव्हा त्यातल्या शहराचा अख्खा दिवस बरोबर एका घटिकेत बसवला. आपला एक सेकंद म्हणजे तिथलं एक मिनिट. 'व्हाइस सिटी' आणि 'सॅन अँड्रियास' यांनी तेच माप पुढे चालवलं. 2013 चा 'जीटीए 5' आणि 2018 चा 'रेड डेड रिडेम्प्शन 2' यांत दिवस दुप्पट होता, म्हणजे मुहूर्ताएवढा. 'स्कायरिम'चा दिवस तीन घटिकांचा. हा निव्वळ योगायोग आहे, पण एका बैठकीत माणसाला एक सूर्योदय आणि एक सूर्यास्त दिसावा, हा हिशोब मात्र पक्का आहे.

मराठवाड्यातल्या भोकर, मुदखेड, उदगीर अशा गावांतल्या मुलांनी आयुष्यातला पहिला ओपन वर्ल्ड (मोकळेपणी हिंडता येणारं जग) पाहिला तो 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्याच मालिकेत, नेट कॅफेत तासाचे पैसे मोजून. तिथे संध्याकाळ झाली की रस्त्यावरचे दिवे लागायचे, समुद्रावर गुलाबी रंग चढायचा आणि सगळे क्षणभर गाडी थांबवून बघायचे. त्या वयात एवढं पुरेसं होतं. आज मागे वळून पाहताना वेगळा प्रश्न पडतो. आकाशाचा रंग बदलला, दिवे लागले, पण त्या शहरात रात्र झाली का? माझ्या मते ती क्वचितच होते. चाळीस वर्षांत गेम रचण्याच्या कलेने प्रकाशावर अफाट मेहनत घेतली आणि काळाकडे दुर्लक्ष केलं.

सुरुवात अशी नव्हती. 1987 च्या 'कॅसलव्हेनिया 2'मध्ये अंधार पडला की गावातली माणसं घरात जाऊन दारं लावून घेत आणि रस्त्यावरचे शत्रू दुप्पट चिवट होत. 1988 च्या 'अल्टिमा 5'मध्ये गावकऱ्यांचा दिनक्रमच बांधलेला होता: सकाळी कामावर, दुपारी जेवायला, रात्री अंथरुणावर. पडद्यावर चार-दोन रंगांचे चौकोन, तरी रात्र खरी होती. कारण ज्याच्याशी बोलायचं तो झोपलेला असे आणि सकाळपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसे. 1998 च्या 'झेल्डा: ऑकारिना ऑफ टाइम'मध्ये संध्याकाळ झाली की राजधानीचा उचलता पूल वर ओढला जाई. लहानगा नायक लिंक बाहेर अडकला तर रात्रभर माळावर जमिनीतून उठणाऱ्या सांगाड्यांशी झुंजत राही. त्यातही तडजोड होती: गावात पाऊल टाकलं की घड्याळ थांबायचं. पण तो वर जाणारा पूल ज्याने एकदा धावत गाठायचा प्रयत्न केला, त्याला 'उशीर होणे' म्हणजे काय ते कळलं. आजच्या कित्येक अब्जावधी खर्चाच्या गेममध्ये उशीर होतच नाही.

या कलेत शिखरं दोन आणि दोन्ही जपानी. पहिलं 1999 चं 'शेनम्यू'. यु सुझुकी यांनी योकोसुका शहरातली डोबुइता ही गल्ली उभी केली, तीही 1986 च्या हिवाळ्यातली. त्यासाठी त्या काळच्या हवामानाच्या नोंदी वापरल्या. बापाच्या खुनाचा शोध घेणारा र्यो नावाचा मुलगा दुकानदारांना विचारत फिरतो. प्रत्येक दुकानाची उघडायची वेळ आहे, बंद व्हायची वेळ आहे. खलाशांचा बार संध्याकाळी उघडणार असेल तर दुपारी त्याच्या दारापुढे उभं राहून काही होत नाही. घड्याळ पुढे ढकलायची सोय नाही. मग र्यो काय करतो? गल्लीत हिंडतो, दुकानातून खेळण्यातली माणसं विकत घेतो, मांजरीच्या पिल्लाला खाऊ घालतो आणि रात्र फार झाली की निमूट घरी जातो. कित्येकांना हा वेळकाढूपणा असह्य झाला. पुढच्याच भागात सुझुकींनी काही ठिकाणी 'थांबा' असा पर्याय दिला आणि वेळ उडी मारून पुढे जाऊ लागली. खेळणाऱ्यांची सोय झाली, पण माझ्या मते नुकसान मोठं झालं. डोबुइताच्या त्या रिकाम्या दुपारीच ती गल्ली ओळखीची होत होती.

दुसरं शिखर 2000 सालचं 'मजोराज मास्क'. तीन दिवसांनी चंद्र कोसळून सगळं संपणार आहे. हे 72 तास आपल्या घड्याळाने 54 मिनिटांत सरतात, आणि लिंक पुन्हा पुन्हा पहिल्या सकाळी परततो. क्लॉक टाउनमधला पोस्टमन ठरल्या मिनिटाला ठरल्या पेटीपाशी असतो. आन्जू नावाची मुलगी सराईच्या गल्ल्यावर बसून हरवलेल्या नवऱ्यामुलाची वाट पाहते. तिला मदत करायची तर तीन दिवसांतल्या ठराविक वेळा साधाव्या लागतात, एक चुकली की पुढचं सारं चुकलं. इथे एइजी आओनुमा आणि योशिआकी कोइझुमी यांनी एक गोष्ट ओळखली होती. जगाचा वेळ खेळणाऱ्याच्या मालकीचा नसतो. तो त्याच्याशिवायही चालतो, आणि म्हणूनच तो खरा वाटतो.

त्यानंतर गाडी दुसऱ्या रुळावर गेली. सगळी शक्ती प्रकाशात लागली. हे काम सोपं नाही, त्याचा मान राखलाच पाहिजे. सूर्य स्थिर असेल तर भिंतीवरून परतणारं ऊन, छताखालची सावली हे सगळं आधीच मोजून चित्रासारखं चिकटवून ठेवता येतं. सूर्य चालायला लागला की ते दर क्षणी नव्याने मोजावं लागतं. म्हणून 2014 च्या 'असॅसिन्स क्रीड: युनिटी'ने फ्रेंच राज्यक्रांतीचं पॅरिस अतिशय सुंदर दाखवलं, पण त्यासाठी चालता सूर्य सोडून दिला, प्रहर आधीच नेमून दिलेले. उलट 'स्कायरिम'ने 2011 मध्ये सूर्य चालता ठेवला, तर सावल्या थांबून थांबून, झटके घेत सरकतात. 2022 मध्ये अनरियल इंजिनची पाचवी आवृत्ती 'ल्युमेन' हे तंत्र घेऊन आली आणि चालत्या सूर्याचं परतलेलं ऊनही जागच्या जागी मोजता येऊ लागलं. तंत्राची अडचण बरीचशी सुटली. आता सबब उरली नाही.

तरी बहुतेक गेममध्ये आज रात्रीला एकच उत्तर आहे: बटण दाबा, सकाळ करा. 'स्कायरिम'मध्ये दुकानं सकाळी 8 ते रात्री 8, ही शिस्त चांगली, पण बंद दारापुढे उभं राहून बारा तास पुढे ढकलले की काम झालं. ज्या रात्रीतून फुकट सुटता येतं ती रात्र रचणाऱ्याने मनापासून रचलेलीच नसते. ज्यांनी रचली त्यांची नावं आवर्जून घ्यायला हवीत. पोलंडच्या टेकलँड कंपनीचा 'डाइंग लाइट' (2015) अंधाराला भीती आणि आमिष दोन्ही देतो. रात्री फिरणारे राक्षस पाठलाग करतात, आणि गुणही दुप्पट मिळतात. प्रागच्या वॉरहॉर्सचा 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' (2018) 1403 च्या बोहेमियात घडतो. तिथे रात्री गावातून मशालीशिवाय निघालात तर पहारेकरी अडवतात, आणि मशाल घेतली तर दुरून सगळ्यांना दिसता. प्रकाश हातात धरणं म्हणजे स्वतःला उघडं करणं, ही जुन्या जगातली गोष्ट दहा पानी मजकुराने पटली नसती ती एका मशालीने पटते. आणि 'माइनक्राफ्ट'. 20 मिनिटांचा दिवस, त्यात 7 मिनिटांची रात्र; पहिल्या संध्याकाळी चार फळ्यांचं खोपट उभं करायची जी धांदल उडते, ती कुठलाही महागडा गेम देऊ शकलेला नाही.

त्याच 'माइनक्राफ्ट'चा चंद्र मात्र कोणाही मराठी घरातल्या म्हातारीला खटकेल. त्याच्या आठ कला आहेत, पण तो कायम सूर्याच्या बरोबर समोर उगवतो. सूर्यासमोर उगवतो तो पौर्णिमेचा चंद्र. शुद्ध चतुर्थीची कोर संध्याकाळी पश्चिमेला असते आणि लवकर मावळते, वद्य पक्षात चंद्रोदय रोज सुमारे 50 मिनिटांनी लांबत जातो. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरात पाहून जेवणारी माणसं आपण. आपल्याला आकाशातली ही चूक जाणवते, कारण ते आकाश आपल्या ताटाशी जोडलेलं आहे. रात्रीच्या निळ्या रंगाचंही तसंच. मंद उजेडात डोळ्याला निळा अधिक उठून दिसतो, हे पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच नोंदलं. सिनेमाने ती निळाई वाढवली आणि गेमने सिनेमाकडून घेतली. पण अवसेची रात्र निळी नसते. रानात हात पुढे धरला तर दिसत नाही.

आता अक्षांशाकडे येतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. भोकर 19.2 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकराचा. प्रागसारख्या शहरात हेच आकडे सोळा आणि आठ. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस इथे सूर्य थेट डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाखाली नाहीशी होते. त्यातही भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची असल्यामुळे भोकरचा माध्यान्ह सरासरी 12 वाजून 19 मिनिटांच्या सुमारास होतो. जगातले नावाजलेले ओपन वर्ल्ड बनतात ते बहुतांश कॅलिफोर्निया, माँट्रियल, एडिंबरा, वॉर्सा, प्राग, क्योटो, टोकियो इथे. त्यांचा सूर्य तिरपा चालतो. शिवाय लांब सावल्या चित्रात देखण्या दिसतात, म्हणून पहाट आणि संध्याकाळ ताणली जाते आणि दुपार उरकली जाते. सपाट, पांढरं, सावली गिळणारं ऊन चित्रकाराला नकोसं वाटतं.

पण मराठवाड्यात मे महिन्यात खरा भयाचा प्रहर दुपारचा आहे. बाराच्या पुढे बाजारपेठेत शटर अर्ध्यावर येतं, बसस्थानकावर माणसं सावलीच्या पट्ट्यात सरकत बसतात, जनावरं झाडाखाली, पत्रे तापून वाजतात. चारनंतर हळूहळू गाव परत उघडतं. संध्याकाळी आठला दिसते ती गर्दी दुपारी दोनला दिसणार नाही. म्हणजे इथे सामसूम दिवसातून दोनदा होते. हे ज्ञान जवळपास कोणत्याही गेममध्ये नाही. त्यांची माणसं भर दुपारी रस्त्याने निवांत फिरतात. एक सन्माननीय अपवाद म्हणजे 2017 चा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड': त्याच्या गेरुडो वाळवंटात दिवसा उष्म्याने जीव घटतो, रात्री थंडीने, आणि कपडे बदलल्याशिवाय निभत नाही. एवढ्याशा नियमाने त्या वाळूला हवामान आलं.

आणि आपली रात्र? कृषिपंपांना चक्राकार पद्धतीने काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री लाईन मिळते. रात्रीची पाळी असली की बॅटरी घेऊन शेतकरी रानात जातो, मोटार चालू करतो, दारं मोडतो, वाफे भरतो. विंचू-सापाचं भय, रानडुकरांचं भय, वीज मध्येच गेली तर परत खेटा. दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला; मागणी किती जुनी आणि किती खरी आहे ते यावरून समजावं. या पाळीवर आलेला तरुण मुलगा वाफा भरेपर्यंत बांधावर बसून मोबाईलवर खेळतो. बहुधा बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स. त्याच्या भोवती काळोख, पाण्याचा आवाज. पडद्यावर स्थिर ऊन. अशा सामन्यांत सूर्य हलत नाही, त्याला कारणही आहे. सर्वांना सारखं दिसायला हवं, आणि अंधार केला तर खेळाडू पडद्याची उजळी वाढवून तो मोडून काढतात. त्या गेमला मी दोष देत नाही. पण त्या मुलाला काळोखातलं जे ठाऊक आहे, कुठला आवाज डुकराचा, पाणी दुसऱ्या वाफ्यात फुटलं ते पायाला कसं कळतं, ते जगातल्या कुठल्याही गेमच्या रात्रीत आलेलं नाही. ही सामग्री वाया जाते आहे.

महाराष्ट्रात हे करू शकणारे हात आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने 2020 मध्ये 'राजी' आणला, पहाडी लघुचित्रांतून आणि छायाबाहुल्यांतून प्रेरणा घेऊन. तो टप्प्याटप्प्याने पुढे जाणारा गेम, म्हणून प्रकाश ठिकाणागणिक नेमलेला, आणि तो नेमलाय फार समजून. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' 2024 मध्ये आला, तो बॅटल रॉयल. मुंबईच्या गेमिऑनने काही वर्षांपूर्वी 'मुंबई गल्लीज' हा मुंबईवरचा ओपन वर्ल्ड जाहीर केला. मुंबई ठीकच आहे, पण तिची रात्र सिनेमाने आपल्याला भरपूर दाखवली आहे. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे-गाढवांचा बाजार, तमाशाचे तंबू, लावणी, वाघ्या-मुरळीचं जागरण. गार रात्रीत पहाटेपर्यंत चालू. ज्याला रात्रीचं वेळापत्रक असलेलं जग हवंय, त्याच्यासाठी ते तयार उभं आहे. कोणता फड कधी सुरू होतो, चहावाला कोणत्या वेळी चूल विझवतो, जनावरांचा सौदा कधी ठरतो, या एवढ्यावर 'मजोराज मास्क'च्या तोडीची रचना होऊ शकते.

म्हणून पुण्या-मुंबईत सूर्य घडवणाऱ्या मित्रांना एवढीच विनंती. अनरियलमध्ये सूर्याची जागा अक्षांश-रेखांश देऊन ठरवता येते. तिथे आयते आलेले आकडे ठेवू नका. 19.2 आणि 77.7 घाला, वेळ साडेपाच तास पुढची ठेवा, महिना मे निवडा आणि दुपारी एकला रस्ता रिकामा करा. आणि रात्र पुढे ढकलायचं बटण काढून टाका.