तळटीप आणि तबकडी

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात किंवा दिवाळीच्या जेवणात पाश्चात्त्य संगीताचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अहो, हे सगळं आपल्याकडूनच तर गेलंय!" पुरावा म्हणून बीटल्सचं आणि पंडित रविशंकरांचं नाव घेतलं जातं, सगळे समाधानाने माना डोलावतात आणि श्रीखंडाची वाटी पुढे सरकते. गंमत अशी की हे वाक्य म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते अल्बम ऐकलेले असतात, आणि ज्या मुलांनी ऐकलेले असतात ती तोवर बेसमेंटमध्ये जाऊन बसलेली असतात!

या लेखात मला त्या वाक्याचीच तपासणी करायची आहे. १९६७ ते १९७३ या सात वर्षांतले पाच रॉक अल्बम घेऊन पाहू या, की आपल्याकडून नेमकं काय गेलं आणि त्यातलं संगीतात किती उतरलं.

ज्यांचा या संगीताशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांच्या प्रेमगीतांचा कंटाळा आला. लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावतात, मग सबंध बाजूभर एकच रचना का वाजवू नये, असं त्यांना वाटू लागलं. त्यांनी चर्चमधला ऑर्गन घेतला, जाझ घेतलं, युरोपच्या अभिजात संगीतातले आराखडे घेतले, नवे सिंथेसायझर घेतले, आणि पूर्वेकडेही हात पसरला. यातूनच पुढे ज्याला 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणू लागले ते संगीत घडलं. त्याचं थोरलं भावंड म्हणजे 'सायकेडेलिक' रॉक. त्याचा आणि नशेच्या पदार्थांचा संबंध नाकारण्यात अर्थ नाही, पण सगळं संगीत त्या एका कारणाने झटकून टाकण्यातही नाही.

मी मूळचा सांगलीचा. मास्टर्स करायला अमेरिकेत आलो तेव्हा युनिव्हर्सिटीजवळच्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात दोन-तीन डॉलरला वापरलेल्या सीडी मिळत. विद्यार्थ्याच्या खिशाला तेवढं एकच व्यसन परवडत होतं. कानावर लहानपणापासून मिरजेच्या संगीतसभांचे संस्कार होते, त्यामुळे हे नवं संगीतही मी सम शोधतच ऐकायला लागलो. ती सवय आजही गेलेली नाही, आणि पुढचं सगळं त्याच कानांनी लिहिलेलं आहे.

सुरुवात अर्थातच बीटल्सपासून. १९६७ सालच्या 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' या अल्बमची दुसरी बाजू जॉर्ज हॅरिसनच्या 'विदिन यू विदाउट यू' या गाण्याने सुरू होते. त्यात बाकीचे तीन बीटल्स नाहीतच! हॅरिसनच्या साथीला लंडनमधले भारतीय वादक आहेत, दिलरुबा, तंबोरा आणि तबला आहे. त्याआधीच्या वर्षी, १९६६ मध्ये, हॅरिसन मुंबईला येऊन रविशंकरांकडे सतारीचे धडे घेऊन गेला होता. या गाण्यात लक्ष देऊन ऐकण्यासारखी जागा म्हणजे जिथे पाश्चात्त्य व्हायोलिन आणि चेलो दिलरुब्याच्या मिंडीमागे जाऊ पाहतात. पट्टीत कापलेले सरळ स्वर वाजवायला शिकलेले ते हात इथे सुरावरून सुरावर घसरायचा प्रयत्न करतात. तो प्रयत्न पूर्ण साधत नाही, पण प्रामाणिक आहे. हॅरिसन विद्यार्थी होता आणि गाण्यातही तो विद्यार्थ्यासारखाच वागतो. त्याच सुमारास इतर अनेकांनी सतार वापरली ती मात्र अत्तराच्या फायासारखी. वास आला, पण अंगाला काही लागलं नाही.

आता येसकडे वळू. 'येस' हा १९६८ साली लंडनमध्ये स्थापन झालेला बँड. त्यांचे सलग दोन अल्बम माझ्या मुद्द्याचा गाभा आहेत, कारण दोन्हींची प्रेरणा भारतीय आहे आणि निकाल मात्र अगदी उलटे.

पहिला १९७२ चा 'क्लोज टू द एज'. त्याच नावाची सुमारे एकोणीस मिनिटांची रचना पहिली बाजू व्यापते. गायक जॉन अँडरसनच्या शब्दांमागे हरमान हेसेची 'सिद्धार्थ' ही १९२२ सालची कादंबरी आहे. नदीकाठी बसून नदीचा आवाज ऐकता ऐकता ज्ञान पावणाऱ्या माणसाची गोष्ट. वेष्टणावर याचा गाजावाजा नाही. रचना सुरू होते ती पाण्याच्या आणि पाखरांच्या आवाजाने. तो हळूहळू वाढत जातो आणि अचानक सगळी वाद्यं एकदम अंगावर येतात. स्टीव्ह हाउची गिटार आणि ख्रिस स्क्वायरचा बेस एकमेकांना ओलांडत धावतात, बिल ब्रुफर्डचे ड्रम्स भलत्याच जागी आघात देतात, आणि मात्रा मोजायला जाल तर त्या बोटांतून निसटतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा गोंगाट वाटेल. पण त्या गोंगाटातून जेव्हा मुख्य सुरावट बाहेर येते तेव्हा गर्दीतून ओळखीचा चेहरा दिसावा तसं होतं. तिसऱ्या भागात सगळं थांबतं. दोन गायनओळी एकमेकींत गुंफत राहतात आणि मग रिक वेकमनचा चर्च ऑर्गन सबंध खोली भरून टाकतो. त्यानंतर तीच पहिली सुरावट परत येते, आणि तेव्हा ती पहिली राहिलेली नसते. शेवटी पुन्हा पाणी आणि पाखरं.

विलंबित ख्यालात शेवटी मुखडा परत येतो तेव्हा आपल्याला असंच वाटतं ना? शब्द तेच, सूर तेच, मधल्या बढतीने आपण बदललेले. 'क्लोज टू द एज'मध्ये राग नाही आणि आवर्तनही नाही. पण वेळेवर विश्वास ठेवण्याची, श्रोत्याला थांबवून ठेवण्याची आणि मग त्या थांबण्याचं फळ देण्याची कला आहे. माझ्या मते भारतीय विचार संगीतात उतरला तो इथे. आणि हे सगळं उत्स्फूर्त मुळीच नव्हतं. स्टुडिओत तुकड्या-तुकड्यांनी वाजवून, टेप कापून आणि जोडून ही रचना तयार झाली. ते काम ब्रुफर्डला इतकं कंटाळवाणं झालं की रेकॉर्डिंग संपल्यावर तो बँड सोडून 'किंग क्रिमसन'मध्ये गेला.

आता दुसरा. १९७३ च्या मार्चमध्ये जपानच्या दौऱ्यावर असताना अँडरसन टोकियोतल्या हॉटेलच्या खोलीत परमहंस योगानंदांचं 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी' हे १९४६ सालचं पुस्तक चाळत होता. त्यातल्या एका लांबलचक तळटिपेत श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र अशी शास्त्रांची चतुर्विध विभागणी दिली आहे. चार शास्त्रं, म्हणजे चार रचना, म्हणजे दोन तबकड्यांच्या चार बाजू! अशा रीतीने त्याच वर्षअखेरीस 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' हा ऐंशी मिनिटांचा अल्बम निघाला. या तळटिपेची हकीकत खुद्द अँडरसननेच अल्बमच्या वेष्टणावर लिहिली आहे. विक्री जोरात झाली, इंग्लंडच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला.

आपल्यासारख्या वाचकाला इथे मान ताठ करण्याचा मोह होईल. वेदपुराणांवर रॉक अल्बम! पण जरा ऐकून पाहा. स्मृतीच्या बाजूचं नाव आहे 'द रिमेम्बरिंग', आणि पुराणाच्या बाजूचं 'द एन्शंट'. म्हणजे शब्दकोश उघडून पहिला अर्थ घेतला. पुराण म्हटल्यावर आपल्याला देवळातले पुराणिकबुवा आठवतात, गोष्टीत गोष्ट आणि तिच्यात आणखी एक गोष्ट आठवते. त्या बाजूत गोष्ट कुठेही नाही. तालवाद्यांचा दीर्घ खडखडाट आहे आणि शेवटी हाउच्या साध्या गिटारीवरचं एक अतिशय सुंदर गीत आहे. ते गीत मी पुन:पुन्हा ऐकतो, पण त्याला पुराणाची गरज नव्हती. पहिल्या बाजूच्या आरंभी मंत्रपठणासारखी शब्दांची संततधार आहे, तीही प्रभावी आहे. मधला बराच भाग मात्र बाजू भरण्यासाठी आहे, हे कानाला कळतं. हे माझं एकट्याचं मत नव्हे. वेकमनचीही तक्रार होती की ऐवज एका तबकडीला जास्त आणि दोन तबकड्यांना कमी होता, म्हणून भर घालावी लागली. मँचेस्टरच्या एका कार्यक्रमात वाजवण्यासारखं फारसं काही नसल्यामुळे त्याने मंचावर कीबोर्डच्या मागे बसून चक्क करी खाल्ली, हा किस्सा त्याने स्वतःच अनेकदा सांगितला आहे. चार शास्त्रांवरच्या त्या मैफिलीत अस्सल भारतीय काही असेल तर ती करीच असावी, आणि तीसुद्धा इंग्लंडची! १९७४ मध्ये वेकमनने येस सोडलं. (पुढे तो परतही आला, पण ते असो.)

आमच्या व्यवसायातलं उदाहरण द्यायचं तर प्रोग्राममध्ये कितीही सुंदर कॉमेंट लिहा, यंत्र ती वाचत नाही. यंत्र फक्त कोड चालवतं. 'टेल्स'मध्ये भारत कॉमेंटमध्ये राहिला, 'क्लोज टू द एज'मध्ये तो कोडमध्ये गेला.

लांबीचं म्हणाल तर मिरजेच्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या रेकॉर्ड आठवा. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या तबकड्यांत पूर्ण वाटणारं गाणं आहे. तबकडीची मर्यादा खाँसाहेबांनाही होती आणि येसलाही. खाँसाहेबांनी मर्यादेत काय मावेल ते पाहिलं. 'टेल्स'मध्ये येसने ती कशी भरेल ते पाहिलं.

पुढचा अल्बम आपल्या मुलांना न सांगता माहीत असतो. 'द हू' या बँडच्या १९७१ च्या 'हूज नेक्स्ट'मधलं पहिलंच गाणं, 'बाबा ओ'रायली'. इथल्या खेळांच्या मैदानांवर ते सर्रास वाजतं, २००४ मध्ये सुरू झालेल्या न्यूयॉर्कवरच्या एका गुन्हेमालिकेचं ते शीर्षकगीतही होतं. पण त्या नावातले 'बाबा' कोण, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ते आपले मेहेरबाबा! १८९४ मध्ये पुण्यात जन्मलेले, नगरजवळ मेहेराबादला ज्यांची समाधी आहे ते. 'द हू'चा पीट टाउनशेंड त्यांचा अनुयायी. 'रायली' म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. छोट्या सुरावटी सतत फिरत ठेवून त्यांतून संगीत उभं करणारा हा माणूस १९७० मध्ये किराना घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला.

गाण्यात सतार नाही, संस्कृत शब्द नाही. ऑर्गनवर एक आकृती अखंड फिरत राहते, तिच्यावर तीन साधे सूरमेळ पडतात, आणि शेवटी एक व्हायोलिन येऊन झाल्यासारखी लय वाढवत वाढवत थांबतं. मेहेरबाबांनी १९२५ पासून १९६९ मध्ये देह ठेवीपर्यंत मौन पाळलं. अशा मौनी पुरुषाचं नाव जगातल्या एका अत्यंत कर्कश बँडने आपल्या गाण्याला द्यावं, याची मला नेहमी मौज वाटते. पण ती अखंड फिरणारी आकृती लक्ष देऊन ऐकली की वाटतं, तिच्यात एक प्रकारची निश्चलता आहेच.

शेवटचा अल्बम जॉन मॅक्लॉफ्लिनच्या 'महाविष्णु ऑर्केस्ट्रा'चा, १९७१ चा 'द इनर माउंटिंग फ्लेम'. 'महाविष्णु' हे नाव त्याला गुरू श्री चिन्मय यांनी दिलं. नाव वाचून मी आधी धास्तावलोच होतो! पण यात 'द डान्स ऑफ माया' ऐका. दहा मात्रांची एक गूढ, तिरकी आकृती गिटारवर सुरू होते. (झपताल शोधू नका, विभाग वेगळे आहेत.) मग अचानक खास अमेरिकन ब्लूजचा ठेका येतो, आणि अखेरीस पहिली आकृती आणि हा ठेका एकमेकांवर चढवले जातात. दोन्ही समेवर भेटतात तेव्हा तोंडून आपोआप 'वा' निघते. हा हिशोब तळटीप वाचून जमत नाही. मॅक्लॉफ्लिन पुढे वीणा शिकला आणि झाकीर हुसेन, एल. शंकर, विक्कू विनायकराम यांच्याबरोबर त्याने 'शक्ती' उभी केली. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, 'शक्ती'च्या नव्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाकीरभाई गेले. एका अल्बमवरचं नाव आणि पन्नास वर्षांची सोबत यांतला फरक तो हाच.

तेव्हा "हे सगळं आपल्याकडूनच गेलंय" या वाक्याचं काय करायचं? थोडं खरं आहे. पण जे गेलं ते नावाने गेलं तेव्हा वेष्टणावरच राहिलं. कुणी त्यासाठी बैठक मारली, ऐकलं, शिकलं, तेव्हाच ते तबकडीच्या आत शिरलं. आणि हा न्याय फक्त इंग्लंडच्या गोऱ्या पोरांना लावून भागणार नाही. परक्या देशात आपण मुलांना जे देतो, श्लोकाच्या चार ओळी, भारूडावरचा पाच मिनिटांचा नाच, 'आपली थोर परंपरा' हे शब्द, त्यातलं तळटीप किती आणि रियाज किती? मुलांचे कान तिखट असतात. वेष्टण आणि आतला माल यांतला फरक त्यांना आपल्याआधी कळतो.

एक सूचना करतो. येत्या एखाद्या बर्फाळ रविवारी मुलांना बेसमेंटमधून वर बोलवा आणि 'क्लोज टू द एज'ची पहिली बाजू मध्ये न थांबता एकत्र ऐका. एकोणीस मिनिटं फोन बाजूला राहू द्यात. सम कुठे आहे यावर वाद झाला तर उत्तमच. मग त्यांना म्हणा, आता आमचं एक ऐका, आणि अब्दुल करीम खाँ लावा. साडेतीनच मिनिटं लागतात, तेवढी ती नक्की देतील.