रिकाम्या कबरेचा संहिताकार

आपल्याकडे संगीत नाटक म्हटले की किर्लोस्कर, देवल, खाडिलकर ही नाटककारांची नावे आधी ओठांवर येतात. इटालियन ऑपेराच्या बाबतीत नेमके उलटे घडले. तेथे संगीतकार अमर झाला आणि ज्याच्या शब्दांना त्याने स्वर दिले, तो संहिताकार विस्मृतीत गेला. कार्लो सिजिस्मोन्दो कापेचे (१६५२–१७२८) हा असाच एक विस्मृत कवी होय. रोममध्ये वास्तव्यास आलेली पोलंडची विधवा राणी मारिया कासिमिरा हिच्या पदरी तो होता, आणि तिच्या खासगी रंगमंचासाठी त्याने दोमेनिको स्कार्लात्ती यांना अनेक संहिता लिहून दिल्या. त्यांविषयी येथे फारसे लिहिण्याचे प्रयोजन नाही. आम्हांला महत्त्वाची वाटते ती हॅण्डेलने संगीतबद्ध केलेली 'ला रेसुर्रेत्सिओने', म्हणजेच 'पुनरुत्थान', ही त्याची ओरातोरिओ.

त्या सुमारास रोममध्ये जाहीर ऑपेरा-प्रयोगांना मनाई होती. त्यामुळे वेशभूषा व अभिनय वगळून पवित्र विषय गाऊन सादर करणाऱ्या ओरातोरिओला सरदारांच्या प्रासादांत बहर आला. मार्क्विस रुस्पोली यांच्या निवासस्थानी, बोनेल्ली प्रासादात, ८ एप्रिल १७०८ रोजी, ईस्टरच्या रविवारी, ही कृती सादर झाली. वाद्यवृंदाचे नेतृत्व कोरेल्ली यांच्याकडे होते. हॅण्डेल अवघ्या तेवीस वर्षांचा होता, आणि तोही लूथरपंथीय! संहितेच्या पंधराशे प्रती छापविण्यात आल्या होत्या. श्रोत्यांनी शब्दही वाचावेत, अशी अपेक्षा होती हे उघड आहे.

कापेचेने पात्रे पाचच योजिली: देवदूत, लुसिफर, मग्दालिया मरिया, क्लोपाची मरिया आणि संत योहान. पुनरुत्थानावरील या काव्यात प्रभू येशू स्वतः कोठेच गात नाही. हा संयम आम्हांला या संहितेचा प्राण वाटतो. पुनरुत्थानाचा प्रत्यक्ष क्षण शुभवर्तमानकारांनीही वर्णिलेला नाही. त्यांनी दाखविली ती रिकामी कबर आणि धावत आलेली माणसे. कापेचेही आपल्याला साक्षीदारांच्याच सोबत उभे करतो. मग्दालिया आपल्याला झालेल्या दर्शनाची वार्ता सांगते, तर योहान प्रभूने आपल्या मातेला दिलेल्या दर्शनाविषयी सांगतो. मातेच्या या दर्शनाचा उल्लेख शुभवर्तमानांत नाही, पण संत इग्नेशियस यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधने'त त्याला पहिले स्थान दिले आहे.

सर्वांत सुंदर आहे ती आरंभीची रात्र. मग्दालिया झोपेला पंख आवरावयास सांगते. शोकाने थकलेल्या डोळ्यांवर तिने उतरू नये, अशी तिची विनवणी. गेथसेमनीत शिष्यांचा डोळा लागला होता. ही स्त्री मात्र झोप नाकारते. हॅण्डेलने या शब्दांना जवळजवळ अंगाईची चाल दिली आहे, त्यामुळे नकार आणि ग्लानी एकाच वेळी ऐकू येतात.

कापेचेचे दोषही झाकण्याजोगे नाहीत. त्याचा लुसिफर रंगभूमीवरील बढाईखोर खलनायक आहे; त्याच्या गर्जनांची भीती वाटत नाही. वादळातील नौका, जोडीदाराविना झुरणारे कबुतर या उपमा त्या काळच्या ऑपेरातील ठरावीक अलंकार होत. संकेतांचा मोह त्याला आवरला नाही.

पहिल्या प्रयोगात मग्दालियेची पदे मार्गेरिता दुरास्तान्ती या गायिकेने गायिली. पवित्र विषयात स्त्रीने गावे हे परमगुरू अकरावे क्लेमेंत यांना रुचले नाही. रुस्पोलींना समज मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागी पुरुष गायक उभा राहिला. पुनरुत्थानाची पहिली वार्ता प्रभूने जिच्या हाती सोपविली, नेमक्या तिच्याच तोंडचे शब्द स्त्रीकडून काढून घेतले गेले! त्या काळच्या रोमचे रिवाज ध्यानात घेऊनही हा विरोधाभास आम्हांला बोचतो. कापेचेने लिहिलेली मग्दालिया मात्र तशीच राहिली. पुरुषाच्या कंठातूनही त्या सोमवारी 'मी त्याला पाहिले' असे सांगत होती ती एक स्त्रीच.