बियाणं कुणाला विचारून?

बियाण्याच्या भांडणात एक शब्द फार झिजलाय. 'शेतकरी'. कंपनी म्हणते शेतकऱ्याच्या फायद्याचं. सरकार म्हणतं शेतकऱ्याच्या हिताचं. संघटना म्हणते शेतकऱ्याचा हक्क. पर्यावरणवाले म्हणतात शेतकरी बुडेल. भांडणारे चार, शब्द एकच. मी जिनिंगमध्ये रुई-सरकी वेगळी करणारा माणूस. हा शब्दही जरा पिंजून बघू.

शेतकरी म्हंजे ज्याच्या नावावर सातबारा. मग त्याच रानात दिवसभर वाकून खुरपणारी आमची बाई कोण? या शब्दात तिला जागा नाही.

आपलं जालना म्हंजे बियाण्यांचं गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको काढली. २००२ च्या मार्चमध्ये देशात पहिल्यांदा जनुक बदललेल्या पिकाला परवानगी मिळाली, ती महिकोच्याच तीन बीटी कापूस वाणांना. ते बियाणं बोंडअळीसाठी. पुढचं पाऊल तणनाशक सोसणारा कापूस. ग्लायफोसेट मारलं की तण जळतं, कापूस उभा राहतो. महिकोनं त्याचा अर्ज २०१६ ला मागं घेतला. तरी ते बियाणं 'चोर बीटी' म्हणून गावोगाव पोचलं. १० जून २०१९ ला अकोला जिल्ह्यात अकोली जहाँगीरला शेतकरी संघटनेनं ते उघड पेरलं. मागणी तंत्रज्ञान-स्वातंत्र्याची.

त्यांचं म्हणणं खोटं नाही. तण खाई धन. ऐन पावसात बाया मिळत नाहीत, खुरपणीच्या खर्चानं दोन एकरवाल्याचं कंबरडं मोडतं. पण तोच खर्च दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी तव्यावरची भाकर असतो. वहीत जिला 'बचत' लिहितात तिला आमच्या वस्तीत 'बुडालेला रोज' म्हणतात. आकडा एकच, नावं दोन. छापलं जातं पहिलं.

कुणी म्हणेल, मग काय खुरपं धरूनच बसायचं? मुळीच नाही. खुरपं आपलं दैवत नाही. बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरच्या ग्रंथात यंत्राची बाजू घेतली. माणसाला जनावरासारखं राबण्यातून सोडवून फुरसत द्यायला यंत्र पाहिजे. दोष यंत्राचा नाही, खाजगी मालकी आणि नफा डोक्यावर घेणाऱ्या समाजरचनेचा, असा त्यांचा विचार. आता त्या मापानं तणनाशक मोजा. बाईची कंबर सुटली, पण हाती फुरसत आली की बेकारी? वाचलेला पैसा कुणाच्या घरात गेला? आणि फवाऱ्याचा पंप कुणाच्या पाठीवर? २०१७ ला यवतमाळात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसं मेली. त्यात शेतमजूर होते.

विचारायची रीत एकदा पडली होती. महिकोच्याच बीटी वांग्यावर २०१० च्या सुरुवातीला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी ७ शहरांत लोकांचं ऐकलं आणि ९ फेब्रुवारीला स्थगिती दिली. चांगलं झालं. पण महाराष्ट्रातलं शहर एकच, नागपूर. घनसावंगीच्या मजूर बाईनं रोज पाडून तिथं जायचं कसं? आणि बोलायचं तेही बियाणं तयार झाल्यावर! पुढं सुप्रीम कोर्टाच्या तज्ज्ञ समितीनं २०१३ ला तणनाशक सोसणारी पिकं या देशाला योग्य नाहीत असं सांगितलं. गावातल्या रोजीरोटीचं कारणही दिलं. म्हंजे तज्ज्ञ तिच्या बाजूनं बोलले, पण तिच्या वतीनं. दयेनं आलेला निर्णय दया आटली की जातो.

प्रयोगशाळेत कुणाची अडचण पोचते यावर तंत्राचा हेतू ठरतो. अळीची अडचण पोचली, तणाची पोचली. बिनजमिनीच्या बाईची पोचली नाही.

म्हणून आपली मागणी अशी. परवानगी देणाऱ्या समितीत शेतमजूर बाया बसवा. बियाण्याचं काम सुरू व्हायच्या आधी वस्तीत येऊन, बुडालेला रोज भरून देऊन त्यांना विचारा: खुरपणी गेली तर बदल्यात काय पाहिजे? काम? जमीन? जमिनीसाठी तर १९६४ सालीच दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांना घेऊन सत्याग्रह केला होता.

मोर्चाच्या निवेदनात हे घाला. पण निवेदन लिहायला बसण्याआधी खुरपणाऱ्या बाईला विचारा. नाहीतर आपलीही एक तज्ज्ञ समितीच व्हायची.