सर्वांत वाईट चित्रपट कोणता?

वाईट कलाकृतींची प्रतवारी लावण्याचा खेळ सुशिक्षितांना फार प्रिय असतो. उत्तम कृति कोणती असें विचारलें तर मनुष्य बिचकत बोलतो. निकृष्ट कोणती असें विचारतांच त्याच्या जिभेला धार येते. आमच्या कोल्हापुरांत चित्रपटाचा विषय निघाला कीं तो तासभर चालावयाचाच. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून हें वेड या गांवाच्या अंगांत भिनलेलें आहे. १९९१ ते २००० या दशकांतील सर्वांत वाईट मराठी चित्रपट कोणता, या वादांत मीं ज्यांचीं मतें ऐकलीं त्यांपैकीं बहुतेकांनीं क्षणाचाहि विलंब न लावतां 'माहेरची साडी' हें नांव घेतलें.

या निकालावर माझी सही नाहीं.

विजय कोंडके यांनीं १९९१ सालीं पडद्यावर आणलेला हा चित्रपट मुळांत एका राजस्थानी चित्रपटावरून घेतलेला. अलका कुबल यांनीं उभी केलेली त्यांतील लक्ष्मी आईच्या मृत्यूचा दोष जन्मतःच कपाळीं घेऊन येते. बाप तिला अपशकुनी मानतो आणि पुढें सासू तिला छळते. कथेंत योगायोगांची खैरात आहे. रडण्याची वेळ जवळ आल्याची सूचना पार्श्वसंगीत आगाऊ देऊन ठेवतें. याहून मोठा दोष विचाराचा आहे. सासरच्या छळाला शिक्षा सांगणारें कलम १९८३ सालींच दंडसंहितेंत आलें होतें. परंतु लक्ष्मीच्या दुःखाला सोसण्याखेरीज दुसरी वाट लेखकाला दिसत नाहीं. हे सर्व दोष मला मान्य आहेत.

तथापि पदर डोळ्यांना लावून चित्रगृहांत बसणाऱ्या बायका कथानकाच्या बांधणीसाठीं रडत नव्हत्या. त्यांच्या घरीं ज्या गोष्टीविषयीं बोलण्याची सोय नव्हती, ती पडद्यावर कोणीतरी, ओबडधोबडपणें कां होईना, मोठ्यानें बोलत होतें. त्या रडण्याची थट्टा करणाऱ्या गृहस्थांपैकीं कित्येकांनीं हा चित्रपट पाहिलेलाच नाहीं, आणि न पाहणाऱ्यांचाच निषेध सर्वांत कडक असतो! बरें, अभिरुचीच्या या कैवाऱ्यांनीं १९९२ सालीं 'एक होता विदूषक'ला तरी गर्दी करावयाची होती. पटकथा पु. ल. देशपांडे यांची, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचें, आणि नायक लक्ष्मीकांत बेर्डे. हंसविणाऱ्या माणसाचें हंसूं कसें विकलें जातें, याचें इतकें कडवट चित्र मराठींत दुसरें मला आठवत नाहीं. त्याला व्यावसायिक यश मिळालें नाहीं. त्याच सुमारास उपग्रह-वाहिन्या घरांत आल्या, आणि शहरी मध्यमवर्ग दिवाणखान्यांत बसून मराठी चित्रपटाच्या अधोगतीवर बोलूं लागला.

'माहेरची साडी' कोठें उणी पडते हें पाहावयाचें असेल, तर ती सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'दोघी'शेजारीं ठेवून पाहावी. १९९५ सालचा हा चित्रपट. येथेंहि अपशकुनी ठरविलेली मुलगीच आहे. लग्नाच्या दिवशींच गौरीचा नवरदेव वाटेंत अपघातांत जातो, बाप अंथरुणाला खिळतो, आणि मामा तिला मुंबईला नेऊन देहविक्रयाच्या धंद्यांत लोटतो. तिनें पाठविलेल्या पैशावर घर जगतें. ती परत आल्यावर मात्र त्याच घराला तिची लाज वाटते. पहिल्या चित्रपटांत अपशकुन हें नशीब आहे. दुसऱ्यांत तो एक व्यवहार आहे, आणि त्या व्यवहारांत कोणाच्या पदरांत काय पडतें हें दिग्दर्शक आपणांस पैपैच्या हिशेबानें दाखवितात. एकच दुःख एका ठिकाणीं आंसवांत विरघळतें, दुसऱ्या ठिकाणीं आपणांस जाब विचारतें. हा फरक फार मोठा आहे. पण तो अपुरी कृति आणि पुरी कृति यांमधला फरक झाला. त्यावरून पहिलीला दशकांतील नीचतम ठरवितां येत नाहीं.

उसनवारीचा आरोपहि मला निर्णायक वाटत नाहीं. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'ची (१९९३) कल्पना एका अमेरिकन भयपटावरून सुचलेली आहे हें उघड आहे. परंतु रामदास पाध्ये यांच्या हातच्या त्या बाहुल्याला 'तात्या विंचू' हें नांव मिळालें आणि तो इतका मराठी झाला कीं मुळाची आठवणहि कोणी काढीत नाहीं.

मग माझें मत कोणाला? 'माहेरची साडी'च्या गल्ल्यावर डोळा ठेवून जे चित्रपट मागाहून निघाले, त्यांना. कुंकू, चुडा, मंगळसूत्र यांपैकीं एखादा शब्द शीर्षकांत घालावयाचा, एक सासू, एक दारुडा दीर, एक उशिरा पोंचणारा भाऊ जमवावयाचा, आणि चौथ्या रिळाला गाणें. मूळ चित्रपटानें निदान प्रेक्षकाच्या दुःखावर विश्वास ठेवला होता. यांनीं फक्त त्याच्या रुमालावर ठेवला. नांवें सांगा, असा आग्रह होईल. मीं प्रयत्न करून पाहिला. परंतु एकाची कथा दुसऱ्याच्या नांवावर जाते आणि तिसऱ्याची नायिका पहिल्यांत येऊन रडते. अमेरिकेंत एड वुड यांच्या 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'ला १९८० सालीं सर्वांत वाईट चित्रपटाचा किताब मिळाला, आणि तेव्हांपासून लोक तो हौसेनें पाहूं लागले. पुढें १९९४ सालीं त्या दिग्दर्शकाच्या आयुष्यावर एक चांगला चित्रपटहि निघाला. त्या बिचाऱ्याला चित्रपट करतां येत नव्हता, पण करावयाचा मात्र मनापासून होता. आमच्या या उमेदवारांना तो किताब दिला तरी तो घ्यावयास कोणाला बोलवावें, हें मला सांगतां येणार नाहीं.